शरीरात इम्प्लांट, हातात बोर्डिंग पास: एअरपोर्टच्या मशीनला नेमकं काय दिसतं?

नागपुरात कुणाला 'कुठे दाखवलं?' असं विचारलं, की दहापैकी पाच वेळा उत्तर येतं, 'धंतोलीत'. बर्डीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा हा जुना रहिवासी भाग आज दवाखान्यांची वस्ती झाला आहे. गल्लीगल्लीत हॉस्पिटल, खाली मेडिकल स्टोअर, वर पॅथॉलॉजी आणि रस्त्यावर गाड्याच गाड्या. इथल्या पार्किंगचं भांडण तर हायकोर्टापर्यंत पोहोचलं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, अगदी मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि छिंदवाड्याहूनही पेशंट इथे येतात.

म्हणजे धंतोलीतल्या प्रत्येक ऑपरेशनला एक प्रवास जोडलेला असतो. आधी घरी परतायचा, मग कामावर जायचा आणि काहींच्या बाबतीत विमानाचा. गुडघ्याची वाटी बदललेले काका एअरपोर्टवर मशीन वाजलं की मोठ्याने सांगतात, 'गुडघा बदललाय हो!' सगळे हसतात आणि विषय संपतो. पण इम्प्लांट लिंगात बसवलेलं असेल तर? तेव्हा माणूस गप्प बसतो. घरच्यांना विचारू शकत नाही, ट्रॅव्हल एजंटला सांगू शकत नाही आणि रात्री दोन वाजता इन्कॉग्निटो टॅबमध्ये सर्च करतो, 'मशीन वाजेल का?'

आज तोच प्रश्न घेऊ. लाजायचं काही कारण नाही. प्रश्न मशीनचा, कायद्याचा आणि तुमच्या फोनमधल्या माहितीचा आहे. भारतातल्या एअरपोर्टवर नवे बॉडी स्कॅनर येऊ घातलेत, त्यामुळे तो आत्ता समजून घेणं गरजेचं आहे.

आधी हे इम्प्लांट म्हणजे काय?

पहिला गोंधळ शब्दांचा. हे 'प्रत्यारोपण' नाही, म्हणजे दुसऱ्याचा अवयव बसवत नाहीत. लिंगबदलाचं ऑपरेशनही नाही. औषधं, इंजेक्शन वगैरे उपाय करूनही ताठरता येत नसेल, तेव्हा लिंगाच्या आत कृत्रिम नळ्या बसवतात. बाहेरून काहीही दिसत नाही.

याचे मुख्य प्रकार दोन.

पहिला, वाकवता येणारा. सिलिकॉनच्या दोन कांड्या असतात आणि काही मॉडेलमध्ये त्यांच्या गाभ्यात धातू असतो. हव्या त्या दिशेने वाकवायचं, तसं राहतं. घडण साधी, किंमत कमी. मुंबईचे अँड्रोलॉजिस्ट डॉ. रूपिन शाह यांनी भारतीय पेशंटच्या खिशाला परवडेल असं इम्प्लांट विकसित केलं, ते याच कमी खर्चाच्या, पंप नसलेल्या गटातलं.

दुसरा, फुगवता येणारा. अमेरिकेत ह्यूस्टनचे डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये तो जगासमोर आणला. यात लिंगात दोन नळ्या, अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप आणि तीन भागांच्या मॉडेलमध्ये पोटाच्या खालच्या भागात सलाइनची छोटी टाकी असते. पंप दाबला की टाकीतलं पाणी नळ्यांमध्ये येतं, बटण दाबलं की परत जातं. बॅटरी नाही, चिप नाही, ब्लूटूथ नाही. हे सगळं हायड्रॉलिक तत्त्वावर चालतं. जेसीबीचा हात ज्या तत्त्वाने उचलला जातो, तेच इथे अगदी छोट्या आकारात आहे. सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन हे मुख्य साहित्य. धातू असतो तो पंपातल्या बारीक स्प्रिंगसारख्या भागांपुरता.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे मशीनपाशी तोच कामाला येणार आहे.

'हे तर म्हाताऱ्यांचं काम' असं वाटतंय?

बऱ्याचदा वय जास्त असतं, हे खरं. डायबिटीस हे मोठं कारण. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरही ही अडचण येते. पण अपघातात ओटीपोटाचं हाड मोडलं, मणक्याला मार लागला, तर पंचविशीतल्या पोरालाही हा प्रश्न येतो.

आणि विदर्भासाठी एक कारण खास महत्त्वाचं आहे: सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, त्यातही आपला भाग महत्त्वाचा आहे. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. लिंगातून रक्त बाहेर पडायच्या वाटेवर त्या अडकल्या, तर कुठलीही इच्छा नसताना ताठरता येते, ती जात नाही आणि भयंकर दुखतं. याला प्रायापिझम म्हणतात.

हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवण्यासारखं आहे: अशी ताठरता ४ तासांहून जास्त राहिली तर ती इमर्जन्सी आहे. रात्र असो, लाज वाटो, घरात पाहुणे असोत, लगेच हॉस्पिटल गाठायचं. पोरं सांगायला लाजतात, एक-दोन दिवस काढतात आणि तेवढ्यात आतल्या पेशी कायमच्या मरतात. मग पुढे इम्प्लांट हाच उपाय उरू शकतो. वेळेत दाखवलं तर ती पाळी टाळता येऊ शकते.

मशीन नंबर एक: दारासारखी चौकट

एअरपोर्ट, मॉल, विधानभवन, मोठी देवस्थानं, सगळीकडे दिसते ती चौकट म्हणजे डोअर फ्रेम मेटल डिटेक्टर. तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत तारांची वेटोळी असतात. ती सेकंदाला अनेक वेळा हलकं चुंबकीय क्षेत्र सोडतात. वाटेत धातू आला की त्यात क्षणभर वीज फिरते आणि तिचं स्वतःचं छोटं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मशीन तो 'प्रतिध्वनी' पकडतं आणि वाजतं.

म्हणजे ही चौकट फोटो काढत नाही. तिला तुमच्या शरीराचा आकार कळत नाही आणि अवयवही दिसत नाहीत. तिला एवढंच कळतं की इथे साधारण या उंचीवर, एवढा धातू आहे.

मग इम्प्लांट वाजेल का? धातू किती आहे, कुठला आहे आणि मशीनची संवेदनशीलता किती ठेवली आहे, यावर ते ठरतं. गुडघा किंवा खुब्याचं इम्प्लांट मोठं असतं, म्हणून ते बऱ्याचदा वाजतं. फुगवता येणाऱ्या लिंग-इम्प्लांटमध्ये धातू इतका कमी असतो की सहसा वाजत नाही. वाकवता येणाऱ्या प्रकारात गाभ्यात धातूची तार असेल तर वाजण्याची शक्यता थोडी वाढते. 'सहसा' म्हणजे 'कधीच नाही' असं नव्हे. एकाच माणसासाठी एका एअरपोर्टवर शांत राहिलेली चौकट दुसरीकडे वाजू शकते.

उलट काळजीही काही जण करतात: मशीनमुळे इम्प्लांट बिघडेल का? नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, त्यामुळे बिघडायला सर्किटच नाही. पेसमेकरवाल्यांनी चौकटीत रेंगाळू नये म्हणतात, तो नियम वेगळा. आणि एअरपोर्टचं मशीन म्हणजे एमआरआय नव्हे. एमआरआयचं चुंबक कितीतरी ताकदवान असतं. तिथे जायच्या आधी मात्र इम्प्लांटचं मॉडेल सांगायलाच हवं, कारण काही जुन्या मॉडेलना एमआरआय चालत नाही.

मशीन नंबर दोन: हातातला डिटेक्टर आणि हात

भारतात चौकटीतून गेल्यावरही खरी तपासणी पुढे असते. छोट्या पाटावर उभं राहायचं, हात पसरायचे. सीआयएसएफचा जवान हातातला डिटेक्टर शरीरावरून फिरवतो, कधी हातानेही चाचपतो. इथे दोन गोष्टी घडू शकतात.

एक, हातातला डिटेक्टर शरीराच्या अगदी जवळून फिरतो, त्यामुळे चौकटीने सोडलेला छोटा धातूही तो पकडू शकतो. पण कमरेखाली तो वाजण्याची नेहमीची कारणं म्हणजे जीन्सचं बटण, चेन आणि बेल्टचं बक्कल. म्हणून सर्वात स्वस्त उपाय: प्रवासाच्या दिवशी नाडी किंवा इलॅस्टिकची, धातू नसलेली पँट घाला. अर्धे गैरसमज तिथेच संपतात.

दोन, हाताला जाणवणं. फुगवता येणारं इम्प्लांट मोकळं केलेलं असेल तर मऊ असतं. वाकवता येणारं मात्र खाली वाकवलं तरी कडकच राहतं. जवानाला ते जाणवलं तर तो विचारणार, कारण त्याचं कामच ते आहे. सोनं, ड्रग्ज लपवायला लोक याच जागा वापरतात, हे त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. त्याचा संशय वैयक्तिक नसतो.

अशा वेळी काय बोलायचं हे आधीच ठरवलेलं बरं. जवान देशाच्या कुठल्याही राज्यातला असू शकतो, म्हणून वाक्य हिंदीत तयार ठेवा: 'सर, मेरे शरीर में मेडिकल इम्प्लांट है, ऑपरेशन हुआ है, डॉक्टर का कार्ड है। प्राइवेट में चेक कर लीजिए।' बस, एवढंच. रांगेतल्या लोकांना कुठलं इम्प्लांट ते कळायची गरज नाही. आणि हे वाक्य मशीन वाजायच्या आधी म्हटलं तर ते माहिती वाटतं. वाजल्यावर म्हटलं तर सफाई वाटते.

मशीन नंबर तीन: नवा बॉडी स्कॅनर

आता बातमीकडे येऊ. विमानतळ सुरक्षेचे नियम ठरवणारी ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी, म्हणजे बीसीएएस, गेली काही वर्षं फुल बॉडी स्कॅनरसाठी मागे लागली आहे. २०१९ मध्ये तिने ८४ संवेदनशील विमानतळांना २०२० पर्यंत स्कॅनर बसवायला सांगितलं. ते झालं नाही. मग वर्षाला ५० लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांसाठी २०२३ अखेरची मुदत आली, तीही हुकली. मे २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाने टर्मिनल १ आणि ३ वर अशा स्कॅनरच्या चाचण्या जाहीर केल्या.

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची वार्षिक प्रवासीसंख्या ५० लाखांच्या बरीच खाली आहे, म्हणून त्या मुदतीच्या यादीत ते बसत नव्हतं. पण नागपूरहून निघून दिल्लीत विमान बदलणारा माणूस एकाच प्रवासात जुनी आणि नवी, दोन्ही पद्धती बघू शकतो. म्हणून हे समजून घेणं आपल्यालाही लागू आहे.

दिल्लीतले स्कॅनर ७० ते ८० गिगाहर्ट्झच्या मिलिमीटर लहरी वापरतात. तुमच्या फोनचं ५जी भारतात बहुतेक ठिकाणी ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. त्याच्या वीसपट वरची ही फ्रिक्वेन्सी. लहरीची लांबी साधारण ४ मिलिमीटर. ती कपड्यातून आरपार जाते, पण त्वचेत जेमतेम एक मिलिमीटरच्या आत थांबते आणि परत फिरते. हा एक्स-रे नाही, त्यामुळे त्या अर्थाचं रेडिएशनही नाही.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे: हा स्कॅनर शरीराच्या आत बघू शकत नाही. गुडघ्यातली वाटी, हाडातला रॉड, हृदयातला स्टेंट, लिंगातली नळी, अंडकोषातला पंप, यातलं काहीही त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो त्वचेच्या वरचा आणि कपड्याच्या खालचा भाग.

मग गुडघेवाल्या काकांसाठी ही चांगली बातमी आहे. चौकट त्यांना दर वेळी वाजवायची, स्कॅनर शांत राहील. आपल्या विषयात मात्र चित्र थोडं मिश्र आहे. स्कॅनर धातू शोधत नाही, तो 'अपेक्षेपेक्षा वेगळा आकार' शोधतो. कपड्यातली घडी, घाम, पॅड, ड्रेसिंग, लघवीची पिशवी किंवा कडक इम्प्लांटमुळे आलेला उठाव यावरही तो खूण करू शकतो. जांघेचा भाग अशा खोट्या अलार्मसाठी आधीच बदनाम आहे.

'म्हणजे स्क्रीनवर माझा नागडा फोटो दिसेल?' नाही. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत खरोखर शरीराची बाह्यरेषा दिसायची, त्यावरून प्रचंड वाद झाला. तिथल्या संसदेने कायदाच केला आणि २०१३ पर्यंत सगळीकडे नवं सॉफ्टवेअर आलं. आता सगळ्यांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती दिसते आणि संशयाच्या जागी चौकोन उमटतो. दिल्लीतल्या चाचण्यांबाबतही हेच सांगितलं गेलं की आकृती प्रमाणित असेल आणि वैयक्तिक चित्र साठवलं जाणार नाही.

अमेरिकेचा अनुभव अजून एक धडा देतो. तिथे ऑपरेटरला निळं किंवा गुलाबी बटण दाबून प्रवासी 'पुरुष की स्त्री' हे ठरवावं लागायचं. ट्रान्स प्रवाशांच्या बाबतीत बटण आणि शरीर जुळलं नाही की जांघेवर चौकोन उमटायचा आणि पुढे अपमान ठरलेला. २०२३ पासून तिथे स्त्री-पुरुष न विचारणारं सॉफ्टवेअर बसवायला सुरुवात झाली. मुद्दा असा की मशीन तटस्थ नसतं. 'नॉर्मल शरीर' कसं असतं हे कुणीतरी आधी शिकवलेलं असतं, आणि ज्याचं शरीर त्या साच्यात बसत नाही त्याला रांगेतून बाजूला व्हावं लागतं.

एक गैरसमज जाता जाता: डिजियात्रा ॲपचा या सगळ्याशी संबंध नाही. ते चेहरा बघून तुम्हाला गेटमधून आत सोडतं. अंगाची तपासणी चुकवत नाही.

विमानात हवेचा दाब कमी होतो, मग पंप फुगेल का?

रील्समध्ये फिरणारा हा आवडता प्रश्न. चिप्सचं पाकीट विमानात फुगतं, हे खरं. केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तितका असतो. पण पाकिटात हवा असते आणि दाब कमी झाला की हवा पसरते. इम्प्लांटमध्ये सलाइन असतं, म्हणजे पाणी. दाबातल्या एवढ्याशा फरकाने पाणी पसरत नाही. त्यामुळे विमान उडालं म्हणून इम्प्लांट आपोआप फुगत नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये एवढं शिकलेलो असतो, फक्त रील बघताना आठवत नाही.

किती दिवसांनी निघायचं?

याचं उत्तर फक्त ऑपरेशन करणारा डॉक्टर देऊ शकतो. साधारण चित्र असं: एक-दोन दिवसांत डिस्चार्ज, सूज आणि दुखणं काही आठवडे, आणि इम्प्लांट वापरायला साधारण ४ ते ६ आठवड्यांनी परवानगी. जड उचलणं तोवर बंद. म्हणजे बॅग वरच्या रॅकवर ठेवणं आणि पट्ट्यावरून सुटकेस ओढणं हे दुसऱ्याला सांगायचं.

पहिला प्रवास धंतोलीतून घरापर्यंतचा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. एका दमात मारता येतो, पण ऑपरेशननंतर तो मोह टाळा. तासन्‌तास बसून राहिलं की पायात रक्ताची गाठ व्हायची भीती असते, आणि ऑपरेशननंतर ती जास्त. दीड-दोन तासांनी थांबा, चाला. अजनी-पुणे वंदे भारतही सुमारे १२ तासांची आहे. अधूनमधून डब्यात फेऱ्या मारा. बाईक मात्र डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत नको, सीटचा दाब नेमका नको त्या जागी येतो. विमानतळासाठी राहाटे कॉलनी किंवा काँग्रेस नगरहून मेट्रो धरली तर ऑटोचे धक्के थोडे वाचतात.

ताप, वाढत जाणारं दुखणं, लाली, पू, यातलं काहीही दिसलं तर तिकीट रद्द आणि डॉक्टरला फोन. पहिल्या ऑपरेशननंतर इन्फेक्शनचं प्रमाण साधारण १ ते ३ टक्के असतं. कमी वाटतं, पण झालं तर बहुतेकदा इम्प्लांट काढावं लागतं. परगावी असताना ते कळणं सर्वात वाईट.

नागपूरहून शारजा-दोहाला थेट विमानं आहेत, म्हणून आखातात जाणाऱ्यांसाठी एक इशारा. ऑपरेशननंतर दुखणं थांबवायला कधी ट्रामाडोल किंवा प्रीगाबालिन दिलं जातं. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधं आहेत. चिठ्ठी नसताना, आधी परवानगी न घेता नेली तर खरा त्रास इम्प्लांटमुळे नाही, गोळ्यांच्या पाकिटामुळे होईल.

कायदा काय म्हणतो?

ऑक्टोबर २०२१ आठवा. मुंबईच्या नर्तकी आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला. दर वेळी एअरपोर्टवर कृत्रिम पाय काढायला लावतात, आम्हाला एखादं कार्ड द्या, अशी त्यांनी पंतप्रधानांना विनंती केली. व्हिडिओ व्हायरल झाला, सीआयएसएफने माफी मागितली. पुढे डिसेंबरमध्ये जीजा घोष प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की माणसाची प्रतिष्ठा जपण्यासाठी सुरक्षा तपासणीत कृत्रिम अवयव काढायला लावू नये.

हे चांगलंच झालं. पण बारकाईने बघा. ही सगळी चर्चा दिसणाऱ्या अपंगत्वाची होती. ज्याचं इम्प्लांट शरीराच्या आत आहे आणि ज्याच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही, तो या चित्रात कुठे बसतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ताठरतेची समस्या नाही. त्याच्या हाती उरतो तो खासगीपणाचा हक्क. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी निकालात तो मूलभूत हक्क मानला. पण पाटावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाला पुट्टस्वामी निकाल वाचून दाखवता येत नाही. त्याला तिथे एक साधी सोय लागते.

अशी सोय अशक्य नाही. अमेरिकेत प्रवासी आपली वैद्यकीय माहिती लिहिलेलं छोटं कार्ड न बोलता अधिकाऱ्याला देऊ शकतो. न दिसणाऱ्या त्रासांसाठीची सूर्यफुलाची गळपट्टी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविकवर सुरू झाली आणि पुढे बंगळुरूनेही ती स्वीकारली. प्रत्येक तपासणीच्या रांगेआधी 'वैद्यकीय इम्प्लांट असल्यास सांगा, खासगी तपासणी होईल' अशी मराठी-हिंदी पाटी लावायला तर स्कॅनरच्या किमतीचा हजारावा भागही लागणार नाही. करोडोंचं मशीन घेताना ही पाटी विसरली जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

आणि खरी गळती: तुमचा फोन

एअरपोर्टवरचा जवान दिवसभरात शेकडो माणसं बघतो, तुम्हाला तो तासाभरात विसरतो. फोन विसरत नाही. इम्प्लांट कार्डचा फोटो काढला, तो गुगल फोटोजमध्ये बॅकअप झाला, घरच्या टीव्हीवर स्क्रीनसेव्हर म्हणून तेच अकाउंट चालू. पुढची कल्पना तुम्हीच करा. डिस्चार्ज पेपर 'प्रिंट काढून दे' म्हणून भाच्याला व्हॉट्सॲप केला, तो झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर कायमचा राहिला.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. पण २०११ च्या जुन्या नियमांत वैद्यकीय माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती. नव्या कायद्यात असा वेगळा गट नाही. पिझ्झाची ऑर्डर आणि लिंगाचं ऑपरेशन, दोन्ही साधी 'वैयक्तिक माहिती'च. म्हणून काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

निघण्याआधीची यादी

- डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांट कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. मूळ कार्ड पाकिटात ठेवा.
- डॉक्टरांकडून दोन कागद घ्या. एक पूर्ण माहितीचा, दुसऱ्या डॉक्टरसाठी. दुसरा दोन ओळींचा: 'यांचं यूरॉलॉजीचं ऑपरेशन झालं आहे, शरीरात वैद्यकीय इम्प्लांट आहे, प्रवासास हरकत नाही.' एअरलाइन आणि सिक्युरिटीला दुसराच दाखवा.
- फोटो ठेवायचाच तर गुगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये किंवा आयफोनच्या हिडन अल्बममध्ये. लॉक्ड फोल्डरचा बॅकअप चालू आहे का, हे बघून घ्या.
- व्हीलचेअर लागणार असेल तर तिकिटासोबतच मागा. कुठल्या ऑपरेशनमुळे हवी, हे काउंटरवर मोठ्याने सांगायची गरज नाही.
- फुगवता येणारं इम्प्लांट असेल तर रांगेत लागण्याआधी ते पूर्ण मोकळं केलंय याची खात्री करा. वाकवता येणारं असेल तर सैल कपडे घाला.
- पहिल्या वेळी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोहोचा. खासगी तपासणीला वेळ लागतो आणि घाईत माणूस गोंधळतो.
- औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हँडबॅगेत.

शेवटचं, हे वाचणाऱ्या पोरांसाठी. घरातली तिकिटं बऱ्याचदा तुम्हीच काढता, वेब चेक-इन तुम्हीच करता, वडिलांचा फोन 'स्लो झाला' म्हणून तुमच्याच हातात येतो. त्यात कधी असा एखादा कागद दिसला, तर न बोलता तो लॉक्ड फोल्डरमध्ये हलवा. आणि निघायच्या दिवशी एवढंच म्हणा, 'बाबा, आज ती नाडीवाली पँट घाला, चेकिंगला सोपं जातं.' ते समजतील.